होसे ओर्तिझ : घामेजलेल्या चेहऱ्यांचा चित्रकार

काळीशाई (धागाकर्ता)

हॉरर कॉमिक्सचा विषय निघाला आणि त्यात स्पॅनिश चित्रकारांचा, की दोनच नावं पटकन पुढे येतात, एक एस्तेबान मारोतो आणि दुसरा व्हँपिरेलावाला पेपे गोन्झालेझ. दोघंही मोठेच, त्यात वाद नाही. पण अमेरिकेतल्या वॉरेन कंपनीच्या मासिकांत (क्रीपी, ईरी आणि व्हँपिरेला, तिन्ही त्यांचीच) सगळ्यात जास्त गोष्टी ज्याने काढल्या तो तिसराच माणूस आहे, होसे ओर्तिझ. १९७४ ते १९८३ या काळात जवळजवळ १२० गोष्टी, आणि हे त्याच्या पासष्टेक वर्षांच्या कारकिर्दीतलं फक्त एक दशक. मला बरेच दिवस वाटत होतं की या माणसावर मराठीत कोणीतरी नीट लिहायला हवं, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ओर्तिझचं नाव मागे पडलं कारण तो दिसायला 'सुंदर' चित्रं काढत नव्हता आणि काम मात्र न चुकता, वेळेवर, कुठल्याही विषयावर देत होता. अशा माणसाला संपादक डोक्यावर घेतात आणि वाचक गृहीत धरतात. पण भीती या गोष्टीपुरतं बोलायचं तर माझ्या मते त्या सगळ्या फळीत त्याच्याइतका खरा कोणी नाही.

आता थोडं पहिल्यापासून. जन्म १ सप्टेंबर १९३२, कार्ताहेना, म्हणजे स्पेनच्या आग्नेयेचं नौदलाचं बंदर. यादवी युद्धात हे गाव अगदी शेवटपर्यंत रिपब्लिकच्या बाजूने होतं, मार्च १९३९ च्या अखेरीस पडलं, तेव्हा हा सहा वर्षांचा. त्यानंतरची वर्षं रेशनिंगची आणि उपासमारीची, १९५२ पर्यंत रेशन चालू होतं तिकडे. या काळात पोरांना परवडणारी करमणूक म्हणजे स्वस्तातली कॉमिक्स, त्यांच्याकडे त्यांना तेबेओ म्हणतात. १९४८ मध्ये चिकोस नावाच्या मासिकाच्या स्पर्धेत ओर्तिझ जिंकला आणि तिथून धंद्यात आला तो थेट शेवटपर्यंत. सुरुवातीचं काम व्हॅलेन्सियाच्या मागा प्रकाशनासाठी, आडव्या आकाराच्या पातळ वह्या असायच्या, त्यात तलवारबाज, हेर, जंगलातला वीर असलं सगळं. 'एल कापितान दोन नादिए' आणि 'पांतेरा नेग्रा' ही त्यातली नावं. पेद्रो केसादा लिहायचा आणि हा काढायचा. कागद भिकार, पैसे कमी, आणि वर हुकूमशहा फ्रँकोची सेन्सॉरशिप. पण हात तयार झाला तो इथेच, घोडे, गर्दी, कपड्यांच्या चुण्या, पाऊस, काहीही सांगा, न अडखळता काढायचा.

साठच्या दशकात स्पॅनिश चित्रकारांना एक गोष्ट कळली की इंग्लंडचे प्रकाशक स्पेनपेक्षा बरेच जास्त पैसे देतात आणि त्यासाठी घर सोडायची गरज नाही, मधे एजन्सी असते, ती पटकथा आणून देते, पानं पोस्टाने पाठवते आणि आपलं कमिशन कापून घेते. १९६२ पासून ओर्तिझ बार्डन आर्ट या एजन्सीमार्फत इंग्लंडसाठी काढायला लागला. डेली एक्सप्रेसमध्ये कॅरोलिन बेकर नावाच्या वकील बाईची रोजची पट्टी, मग मुलांच्या साप्ताहिकांत 'फँटम व्हायकिंग' वगैरे. त्या काळी ब्रिटिश साप्ताहिकांत चित्रकाराचं नाव सहसा छापतच नसत, त्यामुळे लाखो पोरांनी याचं काम बघितलं आणि एकालाही हा कोण ते माहीत नव्हतं.

मग १९७४, वॉरेन. इथे मला जरा थांबायचंय.

ईरीमध्ये 'कॉफिन' नावाची मालिका आहे, लेखक बड लुईस. जुना पश्चिम अमेरिकेतला काळ. एक माणूस घोडागाडीवरच्या हल्ल्यातून वाचतो, सूडाच्या भरात एका निरपराध आदिवासी माणसाला मारतो, आणि त्याच्या जमातीचे लोक याला शाप देतात आणि मुंग्यांच्या वारुळावर बांधून ठेवतात. मरण मात्र येत नाही. अर्धा खाल्लेला चेहरा घेऊन हा फिरत राहतो, मरायची परवानगी शोधत. आता ही कल्पना दुसऱ्या कोणी काढली असती तर कवटी, दात, लोंबणारं मांस असा सगळा मसाला आला असता. ओर्तिझ काय करतो बघा, हॅटच्या कडेची सावली चेहऱ्यावर इतकी खाली ओढतो की आधी फक्त हनुवटी आणि ओठांची कड दिसते, आणि तिथेही कातडी आहे की नाही ते नीट कळत नाही. आपण डोळे बारीक करून बघायला लागतो. मग पुढच्या चौकटीत तो उजेड टाकतो. आणि तेव्हाही आपली नजर जखमेवर न जाता डोळ्यावर जाते, कारण तो डोळा थकलेला आहे. राक्षसाचा डोळा नाहीये तो, झोप न मिळालेल्या माणसाचा आहे.

त्याच काळातली 'नाइट ऑफ द जॅकअस' (लेखक ब्रूस बेझेअर) जेकिल-हाइडच्या कल्पनेवर उभी आहे, व्हिक्टोरियन लंडन, एका औषधाने माणसं हिंस्र होतात. तिथे गर्दीतला एकेक चेहरा वेगळा आहे. 'अपोकॅलिप्स' मालिकेत युद्ध, दुष्काळ, रोगराई, मृत्यू हे चार घोडेस्वार. या दोन्ही जरूर बघा.

वॉरेन १९८३ ला बुडाली. पण तोवर ओर्तिझ परत इंग्लंडकडे वळला होता. १९८२ मध्ये ईगल साप्ताहिक नव्याने सुरू झालं, त्यात त्याने 'द टॉवर किंग' काढलं (जगातली वीज जाते आणि लंडन पुन्हा मध्ययुगात जातं) आणि मग 'द हाउस ऑफ डेमन'. आणि १९८४ मध्ये स्क्रीम नावाच्या हॉरर साप्ताहिकात, माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम, 'द थर्टीन्थ फ्लोअर'.

गोष्ट अशी. मॅक्सवेल टॉवर नावाची सरकारी घरांची उंच इमारत. ती चालवतो मॅक्स नावाचा कॉम्प्युटर, लिफ्ट, दिवे, सगळं त्याच्या ताब्यात. अपशकुनी म्हणून इमारतीला तेरावा मजला ठेवलेलाच नाही. मॅक्सचं आपल्या भाडेकरूंवर मनापासून प्रेम आहे, आणि त्यांना कोणी छळलं, म्हणजे वसुलीवाला, गुंड, चोर, की मॅक्स त्याला लिफ्टमध्ये घेतो आणि जो मजला नाही तिथे उतरवतो. तिथे मॅक्स स्वतः बनवलेली भीती दाखवतो, ज्याला जी लागेल ती. लेखक जॉन वॅग्नर आणि अॅलन ग्रँट, इयान हॉलंड हे टोपणनाव घेऊन. दर आठवड्याला जेमतेम चार पानं.

या चार पानांत ओर्तिझचं सगळं कसब आहे. पहिलं पान साधं, मळका जिना, भिंतीवर खरडलेलं, सामान उचलून चाललेली म्हातारी, दारात उभा वसुलीवाला, त्याच्या कोटाच्या कोपरावरच्या चुण्यासुद्धा. मग लिफ्ट. लिफ्टमध्ये एकटा माणूस आणि वर आकडे. आणि इथे तो घाम काढायला सुरुवात करतो. ज्या माणसाने दोन चौकटींपूर्वी कोणाला तरी दम दिला, तोच आता कॉलर सैल करतोय. दार उघडल्यावर पलीकडे काय आहे ते दर भागात वेगळं, पण भीती खरी म्हणजे दार उघडायच्या आधीच बसलेली असते. लहान मुलांच्या साप्ताहिकात, वर्तमानपत्राच्या कागदावर छापलेलं हे काम आहे, लक्षात घ्या.

स्क्रीम १५ अंकांत बंद पडलं (२४ मार्च ते ३० जून १९८४), पण थर्टीन्थ फ्लोअर इतकं गाजलं होतं की ते ईगलमध्ये हलवलं आणि १९८७ पर्यंत चाललं.

स्पेनमधलं काम पण सांगायला हवं. फ्रँको गेल्यावर मोठ्यांसाठीची कॉमिक्स मासिकं धडाधड निघाली, त्यात सिमोक नावाच्या मासिकात १९८१ पासून ओर्तिझ आणि व्हॅलेन्सियाचाच लेखक अंतोनियो सेगुरा यांनी 'होम्ब्रे' सुरू केलं. जग कोसळल्यानंतरचा एकटा फिरणारा माणूस, त्याला पुढच्या जेवणापलीकडे कशाचीच आशा नाही. १९८३ मध्ये या दोघांनी, लेओपोल्दो सांचेझ, मानफ्रेद सोम्मेर, जोर्दी बेर्नेत अशा मित्रांना घेऊन मेत्रोपोल ही स्वतःची प्रकाशन संस्था काढली, चित्रकारांनीच मालक व्हायचं म्हणून. फार टिकली नाही. नव्वदच्या दशकापासून मग इटलीच्या बोनेल्ली या प्रकाशकासाठी टेक्स, मॅजिको व्हेंतो या मालिका. २३ डिसेंबर २०१३ ला व्हॅलेन्सियात गेला, ८१ वर्षांचा होऊन.

ज्यांनी वाचलंय त्यांनी लिहा, सहमत नसाल तरी लिहा.

---

रानभूल

मस्त लेख, वाचनखूण साठवली. मला यातलं फक्त व्हँपिरेला माहीत होतं ते पण पोस्टरमुळे. एक प्रश्न, स्पेनमधले इतके सगळे लोक एकाच वेळी एका अमेरिकन कंपनीत कसे काय घुसले? आणि त्या काळात अमेरिकेत हॉरर कॉमिक्सवर बंदी होती ना? मग वॉरेनला कसं चालायचं?

---

काळीशाई

@रानभूल, बंदी अशी कायद्याने नव्हती. १९५४ मध्ये तिथल्या प्रकाशकांनी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली, कॉमिक्स कोड, आणि तो शिक्का नसला की विक्रेते अंक ठेवायचे नाहीत. पण ती संहिता रंगीत, लहान आकाराच्या कॉमिक बुकांना लागू. जिम वॉरेनने मासिकाच्या मोठ्या आकारात, आत काळंपांढरं, असं काढलं, म्हणजे दुकानात ते बाकीच्या मासिकांशेजारी लागायचं आणि कोडचा संबंधच संपला. क्रीपी १९६४ चं, व्हँपिरेला १९६९ चं.

स्पॅनिश लोकांचं श्रेय जोसेप तौताइनला. बार्सिलोनात त्याची सेलेक्सिओनेस इलुस्त्रादास नावाची एजन्सी होती, मुख्यतः इंग्लंडच्या प्रेमकथांच्या साप्ताहिकांना चित्रं पुरवायची. म्हणजे पेपे गोन्झालेझ वगैरे मंडळी आधी वर्षानुवर्षं मिठीत घेतलेले नायक-नायिका काढत होती! तौताइनने वॉरेनशी बोलणी केली आणि १९७१ च्या शेवटापासून त्याच्या लोकांची चित्रं तिन्ही मासिकांत यायला लागली. वॉरेनचे आधीचे बरेच चांगले अमेरिकन चित्रकार पांगले होते, त्यामुळे त्यालाही गरज होतीच. पहिली लाट ती, मारोतो, गोन्झालेझ, बेआ. १९७४ ला दुसरी फळी आली, त्यात व्हॅलेन्सियाकडचे लोक, ओर्तिझ, लुइस बेर्मेहो, लेओपोल्दो सांचेझ. हे लोक प्रेमकथांतून आलेले नव्हते, युद्ध आणि साहसकथांतून आलेले होते, आणि पानं शेजारी ठेवली तर हा फरक लगेच दिसतो.

---

जुनी_रद्दी

अहो तुम्ही ईगलचं नाव काढलंत आणि मी एकदम फाउंटनच्या फुटपाथवर पोचलो. ऐंशीच्या दशकात तिथे इंग्लंडहून आलेली जुनी साप्ताहिकं गठ्ठ्याने मिळायची, सलग अंक कधीच मिळायचे नाहीत, सहावा मिळाला की नववा, मधलं आपण मनाने भरायचं. 'हाउस ऑफ डेमन' मी असंच वाचलं, तुकड्यातुकड्यात. एलियट आल्ड्रिच नावाचा आर्किटेक्ट बायकोसाठी हौसेने घर बांधतो आणि त्या घरात कोणीतरी आधीच राहत असतं. मला चित्रकाराचं नाव माहीत असायचा प्रश्नच नव्हता पण हे आणि टॉवर किंग एकाच हाताचं आहे हे बारा वर्षांच्या पोराला कळत होतं, कारण दोन्हीकडे माणसं एकाच पद्धतीने घाबरायची. तोंड उघडं टाकून किंचाळण्याऐवजी ती आधी मागे बघायची.

लेखात एक गोष्ट सुटलीये असं वाटतं, त्या कागदाची. छपाई इतकी वाईट होती की बारीक रेषा सगळ्या भरून जायच्या, नाजूक काम करणाऱ्यांची चित्रं नुसती राखाडी दिसायची. ओर्तिझचं मात्र उठून दिसायचं कारण तो काळ्याचे मोठे तुकडे टाकायचा. आता नव्या छपाईत चांगल्या कागदावर ते बघितलं तर काही ठिकाणी जरा ठोकळ वाटतं, पण ते त्या कागदासाठी काढलेलं होतं.

---

अश्विनी_प

लेख आवडला पण मूळ मुद्दा मला पटलेला नाही, सविस्तर लिहिते.

मारोतोची पानं मी बघितलीत, 'डॅक्स' वगैरे. चौकटींची बंधनं मोडून पानभर वाहणारं चित्र, केस, धूर, कापड सगळं एकमेकात मिसळलेलं. बघणाऱ्याला तिथे राहावंसं वाटतं. त्याला 'नुसतं सुंदर' म्हणून बाजूला टाकणं हा अन्याय आहे, भीती फक्त मळक्या जिन्यातच असते असं कुठे आहे? स्वप्नातली भीती सुंदरच असते, म्हणून तर ती सुटत नाही.

दुसरं, होम्ब्रे. मी त्याचे दोनेक भाग वाचलेत. चित्रं ताकदीची आहेत, मान्य, मोडकी शहरं फार भारी काढलीत. पण त्यातल्या बायका! एकतर कोणीतरी त्यांच्यावर हात टाकायला येतंय, नाहीतर कोणीतरी वाचवायला. जग संपलंय तर पुरुषांना सुरकुत्या, मळ, तुटके दात आणि बायका मात्र मासिकातल्यासारख्या? तुम्ही म्हणताय तो 'खरा' चित्रकार तिथे कुठे गेला? मला ते वाचताना राग आला आणि मी पुढे वाचलं नाही.

---

काळीशाई

@अश्विनी_प, होम्ब्रेबद्दल तुमचं म्हणणं मला शब्दाला शब्द मान्य आहे. त्या वेळच्या स्पॅनिश मासिकांत हा प्रकार सगळीकडेच होता, इतकी वर्षं सेन्सॉरने दाबलेलं एकदम बाहेर आलं आणि ते बहुतेक पुरुषांनी पुरुषांसाठी काढलेलं होतं. पुढे अत्तिला नावाची बाई मालिकेत येते ती जास्त खंबीर आहे, तरी तुमचा आक्षेप त्याने पुसला जात नाही.

मारोतोबद्दल मात्र मी माझ्या जागेवर आहे. मारोतोच्या पानात मला राहावंसं वाटतं, हे तुम्हीच लिहिलंत. ओर्तिझच्या पानातून मला बाहेर पडावंसं वाटतं आणि तरी पान उलटता येत नाही. हॉररकडून मला हे दुसरं हवं असतं.

आणि थर्टीन्थ फ्लोअर तुम्ही वाचाच. तिथे म्हाताऱ्या बायका आहेत, पिशव्या घेऊन चाललेल्या, चश्मेवाल्या, सुजलेल्या पायांच्या, आणि एकेक जण वेगळी आहे. मुलांच्या साप्ताहिकासाठी काढताना नटवलेल्या बायका काढायचा दबाव नव्हता, आणि काय फरक पडतो बघा.

---

टाकबोरू

मी शाईने काम करतो म्हणून थोडं तांत्रिक.

ओर्तिझचा कोरडा ब्रश बघण्यासारखा आहे. ब्रश शाईत बुडवायचा, जवळजवळ सगळी शाई फडक्यावर पुसून टाकायची आणि मग उरलेल्या केसांनी कागदावर घासायचं, म्हणजे रेष तुटक, खरखरीत येते. बहुतेक लोक हे दगड, झाडाची साल यासाठी वापरतात. हा चेहऱ्यावर वापरतो. गालफडाच्या खाली, डोळ्यांच्या खोबणीत. त्यामुळे दाढीचे खुंट, धूळ, आजारपण, सगळं एकाच फटकाऱ्यात येतं, आणि त्याच्या बाजूलाच हनुवटीखाली एकदम गच्च सपाट काळं. मधला राखाडी टप्पा जवळजवळ नाहीच. मी एकदा कॉफिनमधली एक चौकट नुसती शिकण्यासाठी उतरवायला बसलो, तेव्हा लक्षात आलं की चेहऱ्याची एक बाजू त्याने काढलेलीच नाही. नाकाची रेष नाही, गालाची कड नाही. तिथे फक्त काळं आहे आणि मागची पार्श्वभूमी पण काळी आहे, तरी आपल्याला पूर्ण डोकं दिसतं. हे करायला आधी पूर्ण डोकं येत असावं लागतं, ते त्या मागाच्या स्वस्त वह्यांमधून आलं असणार.

जुनी_रद्दी म्हणतात ते बरोबर, छपाईचा विचार करून काढलेलं काम आहे. पण वॉरेनचा कागद पण काही फार चांगला नव्हता.

---

शेंगदाणे_चिवडा

+१ टाकबोरू. असे प्रतिसाद येतात म्हणून इथे यावंसं वाटतं.

---

पुणेरी_इन_चेन्नई

यात एक भारतीय धागा पण आहे, कोणी लिहिला नाही म्हणून लिहितो. टेक्स, म्हणजे बोनेल्लीचा तो पिवळ्या शर्टातला रेंजर, तमिळमध्ये प्रचंड लोकप्रिय आहे. शिवकाशीचं लायन कॉमिक्स तो छापतं, आणि इथले वाचक त्यावर आपण वेताळावर बोलतो त्याच्या दुप्पट जोरात बोलतात. माझ्या ऑफिसातला एक जण टेक्सचे चित्रकार नुसत्या चेहऱ्यांवरून ओळखतो, ओर्तिझचा टेक्स दाखवला की म्हणतो हा म्हातारा टेक्स. वयाने नव्हे, पण याचा टेक्स उन्हात राहिलेला वाटतो, कातडं रापलेलं. बाकीच्यांचा टेक्स सिनेमातला हिरो दिसतो.

आपल्याकडे मराठीत इंद्रजाल होतं तेव्हा वेताळ आणि मँड्रेक घरोघर होते. ते बंद झाल्यावर बाहेरचं कॉमिक्स मराठीत आणायचा असा सातत्याचा प्रयत्न झाला नाही, आणि शिवकाशीत मात्र एक छोटा प्रकाशक इटलीतून हक्क घेऊन आजही छापतोय. मला याचं फार वाईट वाटतं. थर्टीन्थ फ्लोअर मराठीत किती सहज बसेल, बिल्डिंग, लिफ्ट, वसुलीवाले, सगळंच ओळखीचं आहे.

---

निशाचर७

धागाकर्ते, एक विचारायचं होतं. तुम्ही म्हणता मेत्रोपोल टिकली नाही. इतके मोठे चित्रकार एकत्र, सगळे नावाजलेले, मग का? आणि वॉरेनकडून पुनर्मुद्रणाचे पैसे वगैरे मिळायचे का या लोकांना?

---

काळीशाई

@निशाचर७, तेव्हा धंद्याची पद्धतच अशी होती की पानाचे एकदा पैसे मिळाले की विषय संपला, गोष्ट कंपनीची. वॉरेनची तीच पद्धत, ब्रिटिश साप्ताहिकांची पण तीच. ओर्तिझने वॉरेनसाठी काढलेलं स्पेनमध्ये वाचकांनी वाचलं ते बऱ्याच अंशी 'व्हाम्पुस' आणि 'रुफुस' नावाच्या मासिकांतून, ती वॉरेनच्याच गोष्टी स्पॅनिशमध्ये आणायची. म्हणजे व्हॅलेन्सियात बसलेल्या माणसाचं काम न्यूयॉर्कला जाऊन परत त्याच्याच देशात विकायला यायचं. अशा पद्धतीत उमेदीची वर्षं गेलेल्या माणसाला पन्नाशीत स्वतःची संस्था काढावीशी वाटली यात नवल नाही.

मेत्रोपोलचं म्हणाल तर त्या वेळी स्पेनच्या स्टॉलवर मोठ्यांच्या कॉमिक्स मासिकांची गर्दी झाली होती. तौताइनची वेगळी, नोर्मा या प्रकाशकाची वेगळी, त्यात या मंडळींनी एक नाही तर तीन मासिकं काढली, मेत्रोपोल, मोकाम्बो आणि के ओ कॉमिक्स. वाचक तेवढेच, अंक वाढत गेले. काही वर्षांत ती अख्खी लाटच ओसरली. जे दुसऱ्या देशांसाठी काढू शकत होते ते टिकले, आणि ओर्तिझ त्यातला होता. इंग्लंडमध्ये '२००० एडी' नावाच्या साप्ताहिकात 'रोग ट्रूपर' ही मालिका काढत होता, मग इटली. सत्तरीनंतरही टेक्सची शेकडो पानांची पुस्तकं, सेगुराच लिहायचा बऱ्याचदा. सेगुरा २०१२ ला गेला आणि पुढच्याच वर्षी ओर्तिझ.

@पुणेरी_इन_चेन्नई, हे मला अजिबात माहीत नव्हतं, खूप छान माहिती दिलीत. त्या मित्राला विचारून ओर्तिझने काढलेल्या तमिळ अंकांची नावं मिळाली तर इथे टाका ना.

---

रानभूल

हे सगळं आज मिळतं का कुठे? मूळ अंक तर परवडणार नाहीत.

---

काळीशाई

मिळतं. ईरीचे जुने अंक डार्क हॉर्स या प्रकाशकाने जाडजूड संग्रहांत परत काढलेत, कॉफिन आणि जॅकअस १९७४-७५ च्या अंकांत आहेत, त्या वर्षांचा खंड बघून घ्या. थर्टीन्थ फ्लोअर रिबेलियनने २०१८ पासून खंडांत काढलंय, २००० एडी वाले तेच. ई-पुस्तक पण आहे आणि ते छापील प्रतीपेक्षा स्वस्त पडतं. सुरुवात तिथूनच करा, कॉफिन नंतर. दोन-तीन भाग रोज, एकदम सगळं नको, ते साप्ताहिकासाठी लिहिलेलं आहे, सलग वाचलं तर ठरावीक वाटायला लागतं.

---

अश्विनी_प

थर्टीन्थ फ्लोअरचा पहिला खंड घेतला आणि निम्मा वाचून झालाय.

म्हाताऱ्या बायकांबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे, त्या फार छान काढल्यात. पण मला त्यात सगळ्यात भीतीदायक वाटला तो मॅक्सच. तो गोष्ट आपल्याला सांगतो, थेट वाचकाशी बोलतो, गोड, समजूतदार, सगळं भाडेकरूंच्या भल्यासाठी. पहिले काही भाग आपण त्याच्या बाजूने असतो, त्या वसुलीवाल्याची जिरली म्हणून बरं वाटतं. मग तो चक्क एका भाडेकरूला संमोहित करून आपली कामं करून घ्यायला लागतो, ज्यांना जपायचं म्हणतो त्यांनाच, आणि आवाज तसाच गोड. इमारत सांभाळणारा जेरी समोर बसलेला असतो, काहीतरी बिनसलंय असं त्याला वाटत असतं आणि मॅक्स त्याच्याशी हसून बोलत असतो.

आणि इथे ओर्तिझला मी मानलं. मॅक्सला चेहराच नाही. घाम नाही, सुरकुत्या नाहीत, ज्यात तो तरबेज आहे त्यातलं काहीच वापरता येत नाही. मग तो काय करतो तर जेरीचा चेहरा काढतो, पडद्याच्या उजेडात, खालून प्रकाश पडलेला, आणि त्या चेहऱ्यावरून आपण मॅक्सचा अंदाज घेतो. मारोतो मला अजूनही जास्त आवडतो. पण हे मारोतोने केलं नसतं.

दुसरा खंड पण मागवलाय. त्यात मॅक्स इमारत सोडून दुसरीकडे जातो असं कुठेतरी वाचलं, ते खरं का?

---

काळीशाई

हो, ईगलमध्ये गेल्यावर पुढे त्याची बदली एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये होते. तिथे भाडेकरूंच्या जागी गिऱ्हाइकं. मला स्वतःला इमारतीतले भाग जास्त आवडतात, पण दुकानातल्या भागांत ओर्तिझने गर्दी आणि काचेमागचे पुतळे काढलेत ते तुम्ही बघाच, आणि वाचून झालं की जेरीबद्दल तुम्हाला काय वाटलं ते इथे लिहा.